फाट्यापलीकडची ट्रायल

पिकअप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी टायरला लाथ मारतं. का मारतं, ते मला नोकरी सुटेपर्यंत कळलं नाही. लाथ मारून झाली की ते दोन पावलं मागे सरतं, कमरेवर हात ठेवतं, मुलगी पाहायला आल्यासारखं गाडीकडे बघतं आणि मग विचारतं, "ट्रायल भेटन का?" तिथून माझं काम सुरू व्हायचं.

यवतमाळातल्या एका शोरूममध्ये माझी बहुतेक नोकरी ट्रायल देण्यात गेली. मालवाहू गाडीची ट्रायल बाई देते, हे लोकांच्या गळी उतरायला वेळ लागायचा. मी चावी घेऊन पुढे झाले की गिऱ्हाईक माझ्या मागे बघायचं, ड्रायव्हर कुठे राहिला म्हणून. मी सीटवर बसून आरसा नीट करायला लागले की मग प्रश्न, "मॅडम, तुमी?" मी म्हणायचे, "हो, मीच. बसा." त्यापुढे या विषयावर मी कधी चर्चा केली नाही. पहिला गतिरोधक येईपर्यंत शेजारचा माणूस दाराची कडी धरून बसायचा. गतिरोधक गेला की कडी सोडून गाडीबद्दल बोलायला लागायचा.

आम्ही मूळचे दारव्ह्याचे. घराणं टेबल-खुर्चीचं. आजोबा कोर्टात, वडील तहसीलमध्ये, भाऊ बँकेत. गाडी चालवायला मला शिकवलं ते शेजारच्या गफ्फारचाचांनी. त्यांची जीप दारव्हा-यवतमाळ शेअर सीटवर चालायची. बाजाराचा दिवस नसला की मैदान मोकळं असायचं, तिथे त्यांनी मला गिअर शिकवले. लग्नानंतर मी यवतमाळला आले आणि शोरूममध्ये लागले ती काउंटरवर, पासिंगची कागदपत्रं बघायला. एकदा ट्रायल देणारा माणूस नोकरी सोडून नागपूरला निघून गेला आणि केळापूरहून आलेलं एक गिऱ्हाईक उन्हात ताटकळत बसलं. मी चावी उचलली. मालक किशोरभाऊ काचेच्या केबिनमधून उठून उभे राहिलेले मला दिसले, पण तोवर गाडी रस्त्याला लागली होती. परत आले तर ते गिऱ्हाईक थेट बुकिंगच्या टेबलाशी गेलं. किशोरभाऊ पुन्हा खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी डेमो गाडीची चावी माझ्या टेबलावर होती. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "म्हणजे तू आता मालगाडी चालवतेस?" मी "हो" म्हटलं. त्यांनी पान उलटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रायल म्हणजे गाडी फिरवून आणणं. कारचं तसं असेल. रिकामी पिकअप मात्र फार फसवी. मागचे स्प्रिंगचे पाटे भार पेलायला कडक केलेले असतात, त्यामुळे हौदा रिकामा असला की गाडी मागून उड्या मारते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आदळते हो मॅडम." उलट इंजिनला काही काम नसतं, म्हणून ती अशी पळते की वाटावं, ही डोंगरही चढेल. दोन्ही खोटं. माल भरला की उड्या थांबतात आणि इंजिनची खरी ताकद कळते. म्हणून गाडी कशी वाटली, हे मी विचारत नसे. काय भरता, कुठून भरता, परत येताना काय आणता, हे विचारायचे. यावर माणसं मोकळी होत. शेळ्यांचा धंदा करणाऱ्या एकाने पुढच्या खेपेला शेळीच आणली आणि हौद्यात सोडली, ती फाळक्यावरून उडी मारते का ते बघायला. तिने मारली. दुसरा एक उंच गृहस्थ हौद्यात आडवा झाला, पाय दुमडावे लागतात म्हणाला आणि उठून निघून गेला. कापूस खरेदीच्या रांगेत रात्र रात्र काढावी लागते, गाडीत पाय तरी पसरता यायला पाहिजेत, हे त्याचं म्हणणं. मला ते अगदी रास्त वाटलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं, आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. शोरूमच्या काचेतून ती वर्षं कशी दिसायची, तेवढंच मी सांगू शकते. मोठ्या पिकअपची विक्री थांबली. ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या गाड्या चौकात भाड्याची वाट बघत उभ्या. कापूस वजनाला हलका, पण जागेला खादाड, म्हणून इकडे सगळ्यांनी लांब हौद्याच्या गाड्या घेतलेल्या. आता कापूस कमी, तोही थोडा थोडा निघणारा, आणि बरेच लोक सोयाबीनकडे वळलेले. सोयाबीनचं पोतं जागा कमी खातं आणि पाटे दाबतं. लांब हौदा अर्धा रिकामा हिंडवून डिझेल जाळणं कुणाला परवडत नव्हतं. नेमकं त्याच सुमारास लहान मॉडेल आलं. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि शेजारी एकजण, मागे आखूड हौदा, चाकं बघून हसू यावं अशी. लोक येत, बघत, "हे तं खेळणं हाय" म्हणत आणि पुन्हा मोठ्या गाडीच्या टायरला लाथ मारत.

अशाच एका दुपारी राठोड मायलेक आले.

भीमराव राठोड, चाळिशीचा, रुंद छातीचा माणूस. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. त्याची जुनी मोठी पिकअप त्याने आमच्या दारात अशी लावली, की तिच्यापुढे शोरूमची पाटी दिसेना. सोबत त्याची आई, धारीबाई. आरसे जडवलेली कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चेहरा उन्हाने रापलेला. भीमराव मला म्हणाला, "मॅडम, लहान गाडी पाहाची हाय. घ्याची नाई, फक्त पाहाची. माय मांगं लागली म्हणून आलो."

कित्येक गिऱ्हाइकं गाडी घ्यायला येतात, काही गाडी नको म्हणायला येतात. हा दुसऱ्या प्रकारचा आहे, हे मी ओळखलं.

धारीबाईंनी टायरला लाथ मारली नाही. त्या लहान गाडीच्या मागे गेल्या, डोक्यावर ओझं असल्यासारखे दोन्ही हात वर नेले आणि ते न दिसणारं गाठोडं हौद्यात टाकलं. मग शेजारच्या मोठ्या मॉडेलकडे जाऊन तेच केलं. तिथे त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हे गाडी आमच्या तांड्यात येईन का, बाई?" त्यांनी विचारलं.

"माय, तांड्यात कोणतीच गाडी येत नाई," भीमराव म्हणाला.

"मी तुले नाई, तिले इचारून राह्यली."

मी म्हटलं, "आजी, रस्ता पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

"तं मंग चाल. पाहू."

मी हसले. भीमरावही हसला. धारीबाई हसल्या नाहीत. तेव्हा कळलं, त्या खरंच म्हणताहेत.

मी किशोरभाऊंच्या केबिनमध्ये गेले. मोठ्या मॉडेलच्या गाड्या मागच्या आवारात धूळ खात उभ्या होत्या. त्या काढणं ही त्यांची चिंता होती आणि ती चुकीची नव्हती. आमचे सगळ्यांचे पगार त्याच गाड्यांतून निघायचे.

"फुलसावंगी?" ते म्हणाले. "मीनाताई, ट्रायल म्हणजे चौकापर्यंत. तुम्ही तं बरात घेऊन चालल्या. आन् त्या माणसाले लहान गाडी पाह्यजेच नाई, मले इथून दिसून राह्यलं. त्याले मोठीची नवीन दाखवा."

"भाऊ, त्याला ती नको आहे. त्याच्याकडे ती आहे. आणि त्या भागात लहान गाडी अजून गेलेलीच नाही. एकदा तांडा चढली, तर सगळ्या तांड्यांना कळेल."

"आन् नाई चढली तं?"

"तर तेही कळेल."

त्यांनी विचारलं, "माल भरून चालवणार?"

"रिकामी नेऊन काय उपयोग?"

"कुठं आदळली, अडकली, तं जबाबदारी तुमची. मी आधीच सांगून राह्यलो." त्यांनी चावी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मला आवडलेली गोष्ट ही, की फेकली नाही, सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भीमराव त्याची मोठी गाडी घेऊन पुढे. मायलेक रात्री यवतमाळला नातलगांकडे राहिले होते. धारीबाई माझ्या शेजारी लहान गाडीत बसल्या. आर्णीला चहा झाला आणि मग त्या बोलायला लागल्या. पुढे जाणाऱ्या लेकाच्या गाडीकडे बोट करून म्हणाल्या, "चांगली हाय ते गाडी. वाईट नाई म्हणत मी. पण ते फाट्यावर उभी राह्यते."

फाटा म्हणजे डांबरी रस्त्याला तांड्याची वाट मिळते ती जागा. तिथून तांड्याकडे जाताना वाट नाल्यात उतरते आणि पलीकडे चढून वस्तीत शिरते. उतारावर एक अरुंद वळण होतं, ते मोठ्या गाडीला घेता येत नव्हतं. म्हणून तांड्यावरचा कापूस बायका गाठोडी बांधून डोक्यावरून नाल्यात उतरवत, फाट्याकडचा चढ चढत आणि फाट्यावर उभ्या गाडीत टाकत. खत-बियाणं, किराणा, गव्हाचं पोतं, सगळं त्याच वाटेने उलटं जाई.

"भीमा म्हणते, आपल्या घरी गाडी हाय," धारीबाई म्हणाल्या. "हाय तं. फाट्यापासून हाय. फाट्यापर्यंतची गाडी मी हाओ. माही सून हाय. तांड्यावरच्या साऱ्या बाया हायत."

मी गिअर बदलला.

"भीमाले वाटते, मोठ्या गाडीवरून लहान गाडीवर आलो तं लोक हासतीन. राठोडाचं गेलं म्हणतीन. आमचे बापजादे बैलावर माल लादून देशभर फिरत, हे तो साऱ्याले सांगते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "खरं हाय ते. लदेणी म्हणत त्याले. पण बैल दारात येऊन उभा राहे. तिथंच पाठीवर गोणी चढे. हे नाई सांगत तो."

फाट्यावर पोचलो तेव्हा भीमराव आधीच उतरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर यजमानाचं अगत्य होतं आणि त्याखाली, ही गाडी आता अडकेल आणि विषय संपेल, अशी खात्री होती. मी आधी पायी उतरून नाला बघून आले. हे गफ्फारचाचांचं शिकवणं, अनोळखी वाट आधी पायाने चालायची. नाल्यावर सिमेंटचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल होता, पाणी नावाला. पलीकडचा तांड्याकडचा चढ सोपा. खरी परीक्षा परतीची. माल घेऊन रपट्यावरून वर येताना अलीकडचा चढ उभा, मध्येच बाभळीपाशी वळण, आणि वळणावर सुटा मुरूम.

रिकामी गाडी मी सहज तांड्यात नेली. पोरं धावत आली, कुत्री भुंकली, बायका दारात उभ्या राहिल्या. गाडी भीमरावच्या घरापुढे वळवून मी तोंड नाल्याकडे करून लावली. मोठ्या गाडीला हे कधीच जमलं नसतं. भीमराव गल्लीची रुंदी जणू पहिल्यांदाच बघत होता.

त्याची बायको ललिता आणि शेजारच्या बाया यांनी गाठोडी आणायला सुरुवात केली. हौदा भरला. मग भीमराव वर चढून थर लावायला लागला. फाळक्याच्या वर एक थर, त्याच्यावर दुसरा. कापूस हलका असतो, वजनाने गाडी बसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं अजून मावेल. पण गाडी अरुंद, चाकं लहान, आणि थर जितका उंच तितकी ती वळणावर कलंडायला तयार.

"भाऊ, वरचा थर काढा," मी म्हटलं.

"काहून? मोठ्या गाडीत याच्या दुप्पट जाते."

"ती मोठी आहे. ही नाही. हा थर ठेवला तर मी गाडी हलवणार नाही."

"मॅडम, भेव वाटून राह्यलं का?" हौद्यावरच्या त्या ढिगाऱ्यावर तो उभा, खाली सगळा तांडा जमलेला.

"वाटतंय," मी म्हटलं. "वळणावर गाडी डाव्या अंगाला झुकेल. तुम्ही डाव्या बाजूला बसणार आहात. मागून बाया चालत येणार आहेत. मला भीती वाटायलाच पाहिजे."

बाया हसल्या. ललिता पदर तोंडावर धरून नवऱ्याकडे बघत होती. भीमराव वाकून एकेक गाठोडं खाली देऊ लागला. दोर आवळून झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. धारीबाई, ललिता आणि बाकीच्या बाया सवयीने गाडीच्या मागे चालायला लागल्या. मी उतरून त्यांना गाडीपासून लांब, कडेने चालायला सांगितलं.

रपटा ओलांडला. पहिल्या गिअरमध्ये चढाला लावली. अर्धा चढ गाडी कुरकुरत पण सरळ चढली. बाभळीच्या वळणावर मागचं चाक मुरमात फिरलं. मी ऍक्सिलरेटर वाढवला नाही, कारण वाढवला की चाक खड्डा करतं. पण मग इंजिनचा दम गेला आणि गाडी बंद पडली. पायाचा आणि हाताचा दोन्ही ब्रेक लावलेले, तरी मुरमासकट ती हातभर मागे घसरली. मागून बायांचा आरडाओरडा ऐकू आला. भीमरावने दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

"भाऊ, पाय आत घ्या. दार लावा."

"अवो, गाडी मांगं जाऊन राह्यली!"

"तुम्ही उडी मारली तर वजन उजवीकडे जाईल आणि चाक आणखी सुटेल. आत बसा."

त्याने दार लावलं. उजवा पाय ब्रेकवर रोवून मी हँडब्रेक आणखी वर ओढला. आरशात मला ललिता दिसली. सगळ्या कडेला सरलेल्या असताना ती पुढे धावत आली, हातात भलामोठा दगड. तो तिने मागच्या चाकाखाली ढकलला आणि ओरडली, "लावला! आता घ्या!"

मग फक्त क्लच. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, क्लच इतका सावकाश सोडला की गाडीने आधी अंग ताठ केलं, मग हँडब्रेक काढला. चाक दगडावरून सुटलं आणि मुरमाच्या पलीकडे घट्ट जमिनीवर गेलं. वर फाटा, फाट्यावर भीमरावची मोठी गाडी. तिच्या शेजारी मी लहान गाडी उभी केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

भीमराव बोलायच्या आत मीच बोलले, कारण हे शोरूममध्ये कुणी सांगितलं नसतं. "भाऊ, हे नीट बघून घ्या. आज भरलं त्याहून जास्त भरलंत, तर ही गाडी हा चढ चढणार नाही. मोठी गाडी एका फेरीत नेते, तितक्याला हिला दोन फेऱ्या लागतील. वळणावर मुरूम आहे तोवर चाकाखाली लावायला दगड जवळ ठेवावा लागेल. हे चालत नसेल, तर घेऊ नका."

तो खाली उतरला. बाया चढ चढून वर आल्या होत्या. डोक्यावर काही नाही, तरी हाताने तोल सांभाळल्यासारखा चालण्याचा डौल तोच. त्याने मागे जाऊन पाट्यांवर हात फिरवला, वाकून चाक बघितलं. मग मला विचारलं, "दुसरी फेरी मी मारून पाहू का?"

"मारा की. गाडी तुम्हीच चालवणार आहात."

पहिला माल मोठ्या गाडीत टाकून झाल्यावर तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. केबिनमध्ये दुसरी जागा एकच. मी धारीबाईंना म्हटलं, "आजी, तुम्ही बसा." तांड्यावर गाडी पुन्हा भरली. यावेळी त्याने थर स्वतःच बेताचा लावला. मी मागे कापसाच्या गाठोड्यांत बसले. ट्रायल देणारी बाई हौद्यात आणि गिऱ्हाईक पुढे, हे चित्र किशोरभाऊंनी पाहिलं असतं, तर त्यांना काय वाटलं असतं कुणास ठाऊक. मला मात्र फार मजा येत होती. गादीवर बसून तोल सांभाळत जायचं, वर हिवाळ्याचं निळं आभाळ.

भीमराव कसलेला ड्रायव्हर होता. आता लहान गाडीशी त्याचं भांडण नव्हतं, आणि ते त्याच्या हातात लगेच दिसलं. बाभळीच्या वळणाला त्याने गाडी आधी बाहेर काढली, मुरूम टाळला आणि एका दमात वर आणली. फाट्यावर थांबल्यावर धारीबाई उतरल्या आणि उगाच उभ्या राहिल्या. त्यांनी एक हात डोक्यावर नेला, केसांवरून फिरवला.

"काय झालं, माय?" भीमरावने विचारलं.

"काई नाई रे. घरून निंघाली आन् फाट्यावर आली, तं डोकं हलकं लागून राह्यलं. काई इसरल्यासारखं वाटते."

भीमराव आईकडे बघत राहिला.  त्याने मान वळवली आणि आपल्या मोठ्या गाडीकडे गेला. तिच्या बॉनेटवर तळवा टेकून तो थोडा वेळ उभा होता. मी तिकडे बघायचं टाळलं. गाडी विकणाऱ्या लोकांना एक गोष्ट शिकावी लागते. जुनी गाडी देताना माणसाच्या शेजारी उभं राहू नये.

परत येऊन तो म्हणाला, "मॅडम, हे गाडी आमच्या इथंच ठेवून जाता का नवी देता?"

संध्याकाळी मी यवतमाळला आले तेव्हा डेमो गाडीच्या अंगावर बाभळीचे ओरखडे, पाट्यांवर मुरूम आणि हौद्याच्या फटीफटीत कापूस. किशोरभाऊ गाडीभोवती फिरले. ओरखड्यावर बोट फिरवलं. मी सांगितलं, "बुकिंग करायला शुक्रवारी येताहेत. लहान गाडी."

"आन् हे रंगाचं?"

"रंग राहू द्या भाऊ. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगता येईल, कुठून आली ते."

ते हसले नाहीत, पण रंगही दिला नाही. पुढे त्या ओरखड्यांची गोष्ट गिऱ्हाइकांना तेच सांगायला लागले, आणि प्रत्येक वेळी चढ जरा जास्त उभा करून. त्या भागातून लहान गाडीसाठी माणसं येऊ लागली. येताना म्हणत, "ट्रायल आमच्या गावात पाह्यजे." मी गावोगाव फिरले. दारव्ह्याकडच्या काळ्या मातीत रुतले, जंगलातल्या पाड्यांवर गेले. काही ठिकाणी सांगितलं, इथे लहान गाडी घेऊ नका, तुमचा माल जड आहे, ही मोडेल. त्यामुळे हातची गिऱ्हाइकं गेली. नंतर तीच परत आली, मोठी गाडी घ्यायला. मागच्या आवारातल्या गाड्या निघाल्या त्या अशा.

एक गोष्ट राहून गेली. ललिताला मी म्हटलं होतं, गाडी शिकायला ये. ती दोनदा आली, क्लच तिला लगेच समजला होता. मग घरचं काहीबाही निघालं आणि पुन्हा आली नाही. मीही वेळ काढून तांड्यावर जायला हवं होतं. त्या वाटेवर गाडी चालवायला तिच्याइतकं लायक कुणी नव्हतं.

पुढच्या हंगामात मी महागावच्या रस्त्याने एका गुरुजींना लहान गाडीची ट्रायल देत होते. शाळेतून निवृत्त झालेले, घरची शेती, मोठी घ्यावी की लहान यावर त्यांचं आठवडाभर ठरत नव्हतं. पावसाळ्यातलं पाणी, घसारा, पाच वर्षांनी विकताना काय येईल, सगळं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी सगळं सांगितलं होतं. समोरून भीमरावची लहान गाडी आली, भाजीची क्रेटं भरलेली, पुढे शेजारी धारीबाई. मला ओळखून त्याने भर रस्त्यात ब्रेक लावला.

"काय मॅडम! गुरुजी, घेऊन टाका!" तो खिडकीतून ओरडला. "मीबी लय हासलो होतो ह्या गाडीले."

धारीबाई त्याच्यावरून पुढे वाकल्या. त्यांनी गुरुजींना नीट न्याहाळलं, मग आमच्या रिकाम्या हौद्याकडे बघितलं.

"गुरुजी, तुमच्या घरची बाई कोठी हाय?"

"घरीच," गुरुजी म्हणाले.

"मंग ट्रायल कोण घेऊन राह्यलं?"

भीमरावने हॉर्न वाजवला आणि ते गेले.  मी इंजिन चालू ठेवलं.

गुरुजी दार उघडून खाली उतरले. "मॅडम, मी मागे बसतो," म्हणाले. "आधी घरी घ्या गाडी. आमच्या घरची बसेल पुढे."

मी गाडी वळवली.